जुन्या फोर्डवरचे अनोळखी शॉक ॲब्झॉर्बर : नाव शोधण्यापूर्वी काम ओळखावे

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो इथेच लक्षात येईल. आपल्या आजोबांची १९२४ सालच्या सुमाराची टी मॉडेल फोर्ड टूरर आपल्याकडे आली आहे. तिच्या पुढच्या बाजूला चेसिसवर बशीएवढ्या गोल डब्या बसवलेल्या असून प्रत्येक डबीतून एक जाड पट्टा निघून खाली ॲक्सलकडे गेलेला आहे. मागच्या बाजूला कात्रीसारखे दोन बाहू आणि त्यांच्या सांध्यावर एकावर एक रचलेल्या चकत्या आहेत. मात्र मागचा उजवा नग डाव्यापेक्षा किंचित लहान दिसतो आणि त्यावरचा नटही वेगळा आहे. पुढच्या एका डबीवर ‘पेटंटेड’ एवढे अक्षर आणि तारखेचा काही भाग लागतो, बाकी सारे गंजाखाली गेले आहे. हे शॉक ॲब्झॉर्बर, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगांची उसळी आवरणारी साधने, कोणत्या कंपनीचे, ते दुर्मिळ आहेत का, आणि दसऱ्यापूर्वी सँडब्लास्टिंग करून पितळ चकचकीत करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण त्याला उशीर परवडणारा नाही. सँडब्लास्टिंग करू नका, आणि बफिंगच्या चाकाजवळ तर एकही नग नेऊ नका. कोल्हापुरात दसरा चौकात सीमोल्लंघनाला राजघराण्याची मेबॅक गाडी येते तेव्हा सगळ्यांनाच आपली गाडी तशी लखलखावी असे वाटते, हे मी समजू शकतो. परंतु उद्यमनगरात बत्तीस वर्षे जुन्या गाड्यांचे काम करताना सर्वांत जास्त पुरावे मी गंजाने नव्हे, तर पॉलिशने नष्ट झालेले पाहिले आहेत. त्यांतला एक माझ्याच हातून गेला. गडहिंग्लजकडून आलेल्या एका गाडीवरची पितळी टोपी मी स्वतः बफला लावली. तिच्यावर पातळ ठशाने मारलेली दोन ओळींची अक्षरे होती, हे मला गाडी परत गेल्यावर जुने फोटो पाहताना कळले. त्या टोपीचा बनवणारा कोण, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आपण कंपनीचे नाव विचारले आहे, पण आपल्यापुढचा खरा प्रश्न निराळा आहे असे मला वाटते. गाडीवर चार नग आहेत. ते एकाच काळी बसले का, त्यांतला कोणता बाहेरून आलेला माल आहे आणि कोणता इकडे तयार झालेला आहे, हे ठरल्याशिवाय नावाला अर्थ नाही. टी मॉडेल १९०८ ते १९२७ या काळात बनले आणि फोर्डने त्यावर कारखान्यातून शॉक ॲब्झॉर्बर दिलेच नाहीत. पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंगा), आणि पाट्यांच्या पानांचे एकमेकांवरचे घर्षण, एवढ्यावर भागवले जात असे. त्यामुळे आपल्या गाडीवर जे काही आहे ते नंतर विकत घेऊन बसवलेले, हे निर्विवाद आहे. ते १९२५ मध्ये बसवले की १९५५ मध्ये, हे मात्र गाडीच सांगेल. आजोबांनी ही गाडी ‘राजवाड्यातून’ घेतली अशी आठवण आपण लिहिली आहे. ती खरी असेलही, पण आपल्या कोल्हापुरात प्रत्येक जुनी गाडी राजवाड्यातूनच आलेली असते, तेव्हा कागद मिळेपर्यंत तिच्यावर काही उभारू नये.

ओळख पटवताना मी नावाच्या पाटीकडे शेवटी पाहतो आणि काम कसे चालते ते आधी पाहतो. पाटी गळून पडते, दुसऱ्या नगावर बसवली जाते, पुसली जाते. आतली रचना मात्र बदलता येत नाही. एका बाजूचा बाहू किंवा पट्टा ॲक्सलपासून सोडवावा आणि हाताने हलवून पाहावा. दोन्ही दिशांना सारखाच विरोध होत असेल, आणि हळू हलवा वा झटक्याने हलवा, त्या विरोधात फारसा फरक पडत नसेल, तर ते घर्षणाचे उपकरण. हळू हलवल्यावर बाहू सहज जात असेल आणि झटका दिल्यावर अडत असेल, तर आत द्रव आहे. एका दिशेला काहीच विरोध नाही आणि उलट दिशेला ओढताना घट्ट लागते, तर ते पट्ट्याचे. या तीन उत्तरांत त्या काळातले बहुतेक नग बसतात.

आपले मागचे नग पहिल्या जातीचे आहेत, याबद्दल फोटोंवरूनही मला शंका नाही. फ्रान्समधील त्रुफो यांची ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड हार्टफर्ड यांनी अमेरिकेत नेली, आणि ‘त्रुफो-हार्टफर्ड’ या नावाने ती जगभर गेली; इंग्लंडमध्ये पुढे तीच ‘आंद्रे हार्टफर्ड’ म्हणून प्रसिद्ध झाली. दोन बाहूंच्या सांध्यावर धातूच्या आणि चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्या आलटून पालटून रचायच्या, वरून ताऱ्याच्या आकाराचा स्प्रिंगसारखा वायसर ठेवायचा आणि मधला नट आवळून पकड कमी-जास्त करायची, एवढीच ती रचना आहे. ती इतकी सोपी होती की तिच्या नकला असंख्य झाल्या. म्हणून ‘हार्टफर्ड जातीचा’ आणि ‘हार्टफर्ड कंपनीचा’ यांत फरक करावा लागतो, आणि विकणारे लोक नेमका तोच फरक विसरतात. आपल्या डाव्या नगावर तारा-वायसर आणि त्याला जोडलेला काटा दिसतो, ही चांगली खूण आहे. उजव्यावर साधा षट्कोनी नट आणि सपाट वायसर आहे, ही वाईट खूण आहे. पण खुणेवरून निकाल देत नाही, त्याविषयी पुढे लिहितो.

पुढच्या पट्ट्याच्या डब्या दुसऱ्या कुळातल्या आहेत. डबीच्या आत पट्टा गुंडाळलेला असतो. चाक वर उचलले गेले की पट्टा सैल पडतो आणि आतली स्प्रिंग तो सैलपणा ओढून घेते. चाक खाली येऊ लागले, म्हणजे पाटा उसळी मारू लागला, की पट्टा ताणला जातो आणि आतले घर्षण त्याला धरून ठेवते. दाबाला मोकळीक आणि उसळीला लगाम. या प्रकारातले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टर यांचा ‘गॅब्रिएल स्नबर’. हेच गृहस्थ त्याआधी इंजिनाच्या धुराच्या दाबावर वाजणारा गॅब्रिएल हॉर्न विकत असत. फिलाडेल्फियाचे ‘वॉटसन स्टॅबिलेटर’ हेही पट्ट्याचेच. आपल्या डब्या गॅब्रिएलच्या असण्याची शक्यता बरीच आहे, पण केवळ गोल डबी आणि पट्टा यांवरून मी तसे लिहून देणार नाही.

उरलेल्या जाती आपल्या गाडीवर नाहीत, म्हणून थोडक्यातच. द्रवाच्या जातीत ‘हुडाय’ आणि ‘लव्हजॉय’ ही नावे वारंवार भेटतात. फोर्डच्या नंतरच्या ए मॉडेलवर हुडाय कारखान्यातूनच येत असे, त्यामुळे टी मॉडेलवर तो दिसला तर बहुधा ए मॉडेलवरून काढून बसवलेला असतो. टी मॉडेलवर ‘हॅसलर शॉक ॲब्झॉर्बर’ म्हणून जे विकले जाई ते खरे तर शॉक ॲब्झॉर्बर नव्हतेच. पाटा आणि ॲक्सल यांच्या मध्ये बसणाऱ्या त्या जादा गोल स्प्रिंगा होत्या. जाहिरातीतला शब्द आणि यंत्रशास्त्रातला शब्द त्या काळीही वेगळे होते.

आता त्या तारखेकडे येऊ. डबीवर रॉकेल आणि जुना टूथब्रश यांपलीकडे काही वापरू नका. कोरडे झाल्यावर पतंगाचा पातळ कागद त्यावर धरून मऊ पेन्सिल आडवी घासावी. डोळ्यांना न दिसणारी अक्षरे कागदावर उमटतात. संध्याकाळी अंधारात बाजूने टॉर्च धरून काढलेला फोटोही पुष्कळ सांगतो. तारीख मिळाली की कॅलेंडर काढावे. अमेरिकेत पेटंट मंगळवारीच दिले जाते, आणि ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली आहे. आपण वाचलेल्या तारखेला मंगळवार येत नसेल, तर आपण एखादा आकडा चुकीचा वाचला आहे. एका नगावर मी ‘१६ मे १९१७’ वाचले होते. त्या दिवशी बुधवार होता. पुन्हा घासून पाहिले तर आकडा १५ निघाला.

तारखेऐवजी नुसता क्रमांक असेल तर तोही काळ सांगतो. अमेरिकेतले दहा लाखावे पेटंट १९११ मध्ये, पंधरा लाखावे १९२४ मध्ये आणि वीस लाखावे १९३५ मध्ये दिले गेले. १९२७ च्या कायद्याने मालावर क्रमांक छापणे आवश्यक झाले, त्यामुळे केवळ तारीख असलेला अमेरिकी नग सहसा त्याआधीच्या पद्धतीचा असतो. ब्रिटिश मालावर क्रमांकापुढे साल जोडलेले दिसले तर ते १९१६ पूर्वीचे पेटंट, कारण त्या वर्षापासून त्यांनी एक लाख एकपासून सलग क्रमांक सुरू केले. ‘ब्रेव्हे एस. जी. डी. जी.’ अशी अक्षरे फ्रेंच मालावर असतात; ‘सरकारची हमी नाही’ एवढाच त्याचा अर्थ असून ते कंपनीचे नाव नव्हे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पेटंटची तारीख म्हणजे त्या नगाची जन्मतारीख नव्हे. नग त्या तारखेच्या आधीचा नाही, एवढेच तिच्यावरून ठरते. १९१७ चे पेटंट छापलेला माल १९२५ मध्येही ओतला जात असे.

मागच्या उजव्या नगाकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या गाडीतला सर्वांत रंजक प्रश्न तोच आहे. पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे नग असणे हे अस्वाभाविक नाही. त्या काळी मालक आधी एक जोडी घेत आणि पैसे जमले की दुसरी. डावा एक आणि उजवा दुसरा असे मात्र कोणी हौसेने बसवत नाही. तिथे काहीतरी तुटलेले असते. तुटल्यावर मुंबईहून माल येण्याची वाट पाहणारे थोडे. बाकीच्यांनी आपल्याकडे बीड (ओतीव लोखंड) आणि पितळ ओतणारे हात शेजारीच आहेत हे ओळखून शिल्लक नगाचाच साचा करून दुसरा ओतून घेतला. असे नग मी अनेक पाहिले आहेत आणि त्यांतले काही इतके सुबक आहेत की ओतणाऱ्याला नमस्कार करावा.

त्यांची ओळख फाउंड्रीचा कोणताही माणूस सांगेल. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. बीड साधारण एक टक्का आकसते, पितळ दीड टक्क्याच्या आसपास. मूळ नग तयार करणारा कारखाना हे आकसणे धरूनच लाकडी पॅटर्न थोडे मोठे करतो; पण प्रत्यक्ष नगच वाळूत दाबून साचा केला, तर येणारी प्रत तेवढी लहान निघते. म्हणजे चकत्यांवरच्या १२५ मिलिमीटर व्यासाच्या बीडाच्या टोपीची प्रत सव्वा मिलिमीटरने लहान असेल. व्हर्नियरने डाव्या आणि उजव्या टोपीचा बाहेरचा व्यास मोजा, पण जिथे लेथवर काम झालेले नाही अशा ओबडधोबड पृष्ठभागावर मोजा, कारण टर्न केलेली मापे कारागीर नंतर बरोबर जुळवून घेतो. एकाच ठिकाणी न मोजता तीन-चार ठिकाणी मोजावे आणि नग फार झिजलेला असेल तर हा निकष सैल धरावा. फरक सगळीकडे त्याच प्रमाणात आला तर आपला उजवा नग डाव्याचे अपत्य आहे. फरक वाटेल तसा आला, किंवा बाहूंची लांबीच निराळी निघाली, तर तो दुसऱ्याच कंपनीचा आहे आणि मग त्याचा शोध स्वतंत्रपणे करावा लागेल.

दुसरी साक्ष आट्यांची. आपल्याकडची टी मॉडेल बहुतेक फोर्डच्या कॅनडातील कारखान्याकडून आली, म्हणून ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असते, पण तिचे आटे अमेरिकी मापाचेच आहेत. अमेरिकी बारीक आट्यांत ३/८ इंचाच्या बोल्टला इंचाला २४ आटे असतात आणि त्यांचा कोन ६० अंश असतो. ब्रिटिश बारीक आट्यांत त्याच बोल्टला २० आटे आणि कोन ५५ अंश. थ्रेड गेज (आटे मोजायचे साधन) नसेल तर लक्ष्मीपुरीत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. मात्र बोल्ट मोजून निष्कर्ष काढू नका. शंभर वर्षांत बोल्ट दहा वेळा बदललेला असतो, आणि शेवटच्या मिस्त्रीने हाताला लागेल तो ठोकलेला असतो. मुख्य अंगात कापलेले आटे मोजा. तिथे ब्रिटिश आटे निघाले तर नग अमेरिकी नाही किंवा इकडे तयार झाला आहे. मेट्रिक निघाले तर तो फ्रान्ससारख्या मेट्रिक मापे वापरणाऱ्या देशातला किंवा आपल्या-माझ्या काळातला असावा.

तिसरी साक्ष ब्रॅकेटची, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. हे नग विकणारे प्रत्येक गाडीसाठी वेगळे ब्रॅकेट देत, आणि टी मॉडेलच्या आडव्या पाट्यांमुळे तिचे ब्रॅकेट इतर गाड्यांना चालत नसे. डबी किंवा चकत्या आजही एखाद्या वेळी मिळून जातात. बरोबरचे ब्रॅकेट मिळणे त्याहून कठीण. आपले ब्रॅकेट दाबकामाचे किंवा घडवलेले, गोल कडांचे आणि भोके अचूक असलेले असेल, तर ते नगाबरोबर आलेले असावे. कडेला गॅसकटिंगच्या रेघा असतील किंवा भोके कानशीने लांबवलेली असतील, तर नग दुसऱ्या गाडीवरून इकडे आला. ब्रॅकेट सोडवल्यावर त्याखालचा चेसिसचा रंगही पाहावा. खाली मूळ काळा रंग शाबूत असेल तर जोडणी गाडी नवी असतानाची. खाली दोन-तीन रंगांचे थर निघाले तर ती तितकीच उशिराची. यासाठी ते सोडवताना प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधा आणि सोडवण्यापूर्वी फोटो काढा.

दुर्मिळतेविषयी माझे मत आपल्याला कदाचित रुचणार नाही. दुर्मिळ असणे आणि मोलाचे असणे या दोन गोष्टी आहेत. पट्ट्याचे स्नबर त्या काळी भरपूर विकले गेले. त्यांची पूर्ण जोडी, मूळ ब्रॅकेटसह, आपल्या हवामानात टिकलेली मात्र थोडी. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कंपनीचा एकटा नग फार दुर्मिळ असू शकतो आणि तरीही त्याला गिऱ्हाईक नसते, कारण त्याची जोडी पुरी करता येत नाही. रॅलीत किंवा स्पर्धेत असे नग चालतील का, हे त्या त्या स्पर्धेच्या नियमांवर अवलंबून आहे: काही ठिकाणी त्या काळात विकत मिळणारी जादा साधने मान्य असतात, काही ठिकाणी कारखान्याबाहेरचे काहीही गुण कमी करते. मी स्वतः आपला उजवा नग, तो कोल्हापुरी प्रत ठरला तरी, काढून टाकणार नाही. गाडी इथे जगली याची ती खूण आहे. फक्त तो मूळ म्हणून कोणाला विकू नये.

दुरुस्तीच्या वेळी घ्यायच्या काळजीबद्दल एवढेच. जुन्या चकत्यांच्या जागी पुढे कोणी ब्रेकचे लायनिंग कापून बसवलेले असू शकते आणि त्यात ॲस्बेस्टॉस असते; म्हणून चकत्या उघडताना हवेचा झोत मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बंद करून टाका. चामड्याच्या चकत्या नव्याने करायच्या असतील तर आपण नशीबवान आहोत. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेले जाड चामडे आणि ते गोल व नेमके कापणारे हात सुभाषनगरात आहेत. मी गेली कित्येक वर्षे चकत्या चप्पल करणाऱ्या कारागिराकडूनच कापून घेतो. फक्त जाडी सर्व चकत्यांची सारखी हवी, हे त्यांना आधी सांगावे लागते. स्नबरच्या पट्ट्यासाठी विणलेला जाड सुती पट्टा घ्या. नायलॉनचा ताणतो आणि घर्षणाने तापल्यावर गुळगुळीत होतो.

जुळवणी करताना नट किती फेरे आवळला यावर विसंबू नये. बाहूच्या टोकाला स्प्रिंगचा तराजू अडकवून ओढावे आणि बाहू सरकू लागतो तेव्हा काटा कुठे आहे ते पाहून डावी-उजवी बाजू सारखी करावी. सुरुवात सैल ठेवून करा. पन्हाळ्याच्या चढावर गाडी डुलली तर थोडे आवळा. पण इतके नको की पाटा हलणेच थांबेल, कारण मग खड्ड्याचा सगळा धक्का ब्रॅकेटवर जातो आणि शंभर वर्षे टिकलेले ब्रॅकेट एका फेरीत तडकते.

पुढचे उत्तर देण्यासाठी मला आपल्याकडून चार गोष्टी हव्या आहेत: पुढच्या डबीवर घासून काढलेल्या कागदाचा फोटो, मागच्या दोन्ही टोप्यांचे व्यास, मुख्य अंगातल्या आट्यांची मोजणी, आणि मागचे ब्रॅकेट सोडवल्यावर त्याखाली दिसणारा रंग. उजवा नग उघडलाच तर त्याच्या आतल्या चकतीचाही फोटो घ्या, पण ती धुण्याआधी.